हनुवटीखाली दोन बोटं

दाढीच्या साबणाचा वास आला की मला अजून तो म्हातारा न्हावी आठवतो. लकव्यानं बाबांची वाचा गेली, तेव्हा तो मलकपेठहून विद्यानगरच्या आमच्या घरी यायचा. त्याचं नाव मी कधी विचारलंच नाही. त्यानं हनुवटीखाली दोन बोटं टेकवली की बाबा मान वर करत. पाणी गार लागलं की बाबांची भुवई हले, आणि तो मुकाट्यानं वाटी माझ्याकडे सारी. मी मात्र दिवसभर विचारत असे, "चहा हवाय? पंखा लावू? दुखतंय का?" बाबा वैतागून डोळे मिटून घेत.

एकदा मी म्हणालो, "चाचा, तुमको कैसा समझता?"

वस्तरा पुसत तो म्हणाला, "साब, तुमे पूछते भौत, देखते नै."

मला रागच आला. पण त्या संध्याकाळी मी काही न विचारता बाबांकडे नुसतं पाहत उभा राहिलो. त्यांची नजर पलंगाच्या मोकळ्या कडेवर गेली आणि परत माझ्याकडे आली. मी तिथं बसलो. त्यांनी आपला चांगला हात माझ्या गुडघ्यावर ठेवला, आणि अंधार पडेपर्यंत काढला नाही.