बर्फाचा मॅप

कीबोर्ड उलटा करून आपटला की त्यातून फरसाणाचा चुरा पडतो. किती झाडा, पुन्हा पडतोच. आमच्या गेमच्या दुकानाचे किस्से तसेच.

आमच्या ह्यांनी टायपिंगची मशिनं विकली, वायरीनं जोडलेले चार कॉम्प्युटर आणले आणि गल्ल्यावर मला बसवलं. शिक्षण चौथी! नगरच्या बसस्टँडमागं दुकान. कॉलेजची पोरं बंदुकीचा गेम खेळायची. पण जावेद, सुनील आणि कोल्हारचा विजू, या तिघांचं वेगळंच. त्याच गेममध्ये बंदुका बंद, लपाछपी सुरू! एकावर राज्य, दोघांनी लपायचं. जो आधी सापडेल, त्यानं पुढचा मॅप, म्हणजे खेळायची जागा, निवडायचा.

*

सुरुवातीला मी मागून फिरायचे आणि दिसेल ते बोलायचे. "सुनील बघ, पिंपाआड कसा बसलाय!" झालं, सुनील आउट!

तो ओरडला, "मावशी, जरा खोटं बोलायला शिका की!"

"चौथीपर्यंत शिकवलं न्हाई. आता कुठं शिकू?"

*

मॅपवरून रोज भांडण. जावेदला अंधारं गोदाम पाहिजे, सुनीलला किल्ला, विजूला बर्फ. त्या बर्फात ना झाड, ना भिंत. एक मोडकी गाडी, बास.

जावेद म्हणायचा, "अरे, ह्यात उंदीर लपायचा न्हाई! एवढा बर्फ आवडतो तर गोळ्याची गाडी लाव!"

*

एकदा गोदाम निघालं. विजू सारखा भिंतीला धडकायला लागला. शेवटी चिडला. "मावशी, तुमचा मॉनिटर गेलाय. नुसतं काळं दिसतंय."

"माझ्या मॉनिटरला नाव ठेवायचं न्हाई! बस दुसऱ्यावर."

दुसऱ्यावरही काळंच.

"मॉनिटर न्हाई, तुझे डोळे गेलेत!" जावेद म्हणाला. आम्ही खो खो हसलो.

विजू हसला नाही.

*

पुढं विजूची आई दुकानात आली. मला वाटलं, पोराला बिघडवलं म्हणून भांडायला आली. मी पदर खोचून तयार!

ती म्हणाली, "ताई, डॉक्टर म्हणले, डोळ्याचा पडदा सुकत चाललाय. औषध न्हाई. दिसतंय तवर खेळू द्या त्याला."

खोचलेला पदर मी सोडला आणि त्यानंच तोंड पुसलं.

*

मग भांडणं उलटी झाली. जावेद नि सुनील मुद्दाम उघड्यावर येऊन उभे राहायचे. आधी सापडला, तोच मॅप निवडणार ना!

"मी आधी सापडलो!"

"गप ए, मी आधी!"

आणि निवडायचे बर्फच. विजू विचारायचा, "लेको, तुम्हाला कधीपासून आवडायला लागला?"

"लई उकडतंय," जावेद म्हणायचा. बाहेर माणसं थंडीनं कुडकुडत होती.

*

शेवटच्या दिवशी जावेदनं विजूला हात धरून खुर्चीवर बसवलं. दुसऱ्या दिवशी विजू कायमचा गावी चालला होता. मॅप बर्फाचा, राज्य जावेदवर. विजू बराच वेळ बटणं दाबत राहिला, मग थांबला.

मी त्याच्या स्क्रीनवर पाहिलं. पांढऱ्याशुभ्र मैदानात, मधोमध, लाल कपड्यातला त्याचा गडी उभा. मोडकी गाडी पार तिकडं!

जावेद त्याच्याभोवती गोल गोल फिरत होता. "सुनील सापडला. हा विजू कुठं मेला?"

विजूनं माझ्या बाजूला तोंड वळवलं. "मावशी, हे दोघं लबाड हायेत. तुम्ही सांगा. मी नीट लपलोय ना?"



मी म्हटलं, "कुठं बसलायस, मेल्या? मला बी दिसंना!"