चोर नाही, एवढं लिहून द्या

पुंजाराम लोकांची गुरं घोडेगावच्या बाजारात हाकत न्यायचा. शुक्रवारी पहाटे दहा-बारा बैल घेऊन निघायचा आणि एकही इकडचा तिकडे न होता पोचवायचा. गावाचा त्याच्यावर भरवसा होता, १९९१ सालापर्यंत.

त्या साली त्याने बाजारातून आणलेली एक बैलजोडी आठवड्यातच मालकाच्या गोठ्यातून चोरीला गेली. फौजदाराने पुंजारामला उचललं, चार दिवस ठाण्यात डांबलं, मारलं. त्याची बायको बनाबाई रोज भाकरी बांधून बाहेर बसायची. पाचव्या दिवशी त्याला सोडलं. ना गुन्हा, ना कागद.

सावेडीच्या वकील भारतीताई म्हणाल्या, "अटक केल्यावर चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यावंच लागतं. घटनेत तसं लिहिलंय. सरकारवर दिवाणी दावा लावू, भरपाई मागू."

"भरपाई ऱ्हाऊ द्या ताई. म्या चोर न्हाई, येवढं कोर्टाकडनं लिवून घ्या."

सरकारला नोटीस गेली, नगरला दावा दाखल झाला. सहा वर्षं नुसत्या तारखा पडल्या. पुंजाराम चौकशीला आला आणि त्याच संध्याकाळी घरी गेला, असं ठाण्याच्या डायरीत होतं. सरकारी वकिलाने साक्षीला उभ्या राहिलेल्या बनाबाईला दरडावलं, "चार दिवस कशावरून?"

"चारदा भाकर घिऊन गेल्ते, सायेब. चारी बारी तशीच माघारी आनली."

१९९८ मध्ये निकाल लागला. डांबणं बेकायदा, भरपाई मंजूर. भारतीताईंनी सगळा वाचून दाखवला.

"म्या चोर न्हाई, ते कुठं लिवलंय?"

ताईंनी निकाल मिटून ठेवला. "भाऊ, तो मुद्दा कोर्टापुढे नव्हताच. चोरीचा गुन्हा तुमच्यावर कधी दाखलच झाला नाही."

सरकारने अपील केलं, भरपाई अडकली. फौजदार तोवर बढतीवर गेला होता. गावात कुणीही पुंजारामच्या हाती बैलाचा कासरा दिला नाही.

पुढच्या वर्षी जवळच्या वस्तीवरून दोन शेळ्या गेल्या. पोलिसांची जीप थेट पुंजारामच्या दारात थांबली. या वेळी ठाण्यात हवालदाराने रजिस्टरात नाव, वेळ, सगळं नीट लिहिलं. अंगाला हात लावला नाही. दिवस मावळायच्या आत सोडून दिलं.

घरी आल्यावर बनाबाईने विचारलं, "आता परत दावा लावायचा का?"

"कशाचा लावू?" पुंजाराम म्हणाला. "आज समदं कायद्यापरमानंच झालं."