अण्णाजींचा चौथा पुकारा

वर्ध्याच्या ऑइल मिलमध्ये मी आज नोकरीला आहे तो अण्णाजी भोयर यांच्यामुळे. हे आधीच लिहून टाकतो. पुढं जे लिहायचं आहे त्यात माझा कमीपणा आहे, आणि तो लिहिताना भिऊन मी मध्येच थांबलो, तर निदान हे नाव तरी कागदावर राहील.

अण्णाजी वकील नव्हते. ते कोर्टात पट्टेवाले होते. न्यायाधीशांच्या दाराशी उभं राहून पक्षकारांची नावं पुकारायची, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं. ते रिटायर झाले त्याच सुमाराला नालवाडीत एका बालवाडीच्या खोलीत दर रविवारी कामगारांना मोफत कायद्याचा सल्ला मिळू लागला. सल्ला द्यायला दोन वकील यायचे, एक बाई आणि एक तरुण मुलगा. बाकी सगळं अण्णाजींकडं. सतरंजी टाकण्यापासून रांग लावण्यापर्यंत. कोणाची तारीख कधी, कोणाच्या पिशवीत कुठला कागद कमी, तारखेला कोणाबरोबर कोण जाणार, हे त्यांना वही न उघडता सांगता यायचं. जिनिंगमधल्या बाया, हॉटेलातले वेटर, चौकीदार, वीटभट्टीवाले, असे पंधरा-वीस जण तरी भिंतीला टेकून बसलेले असायचे.

त्यांची एक पद्धत होती. नवीन माणूस आला की वकिलाकडं पाठवायच्या आधी ते त्याला खोलीच्या टोकाला बसवायचे आणि स्वतः दारात जाऊन त्याचं पूर्ण नाव पुकारायचे. त्या माणसानं उठायचं, चालत दारापर्यंत यायचं आणि "हाजर" म्हणायचं. जमेपर्यंत. लोक हसायचे, तेव्हा अण्णाजी म्हणायचे, "हासू नोका. घरून तीस मैल पायी आलेली मानसं पाह्यली हाय मी. दारापासून दहा पावलं त्यायले चालता आली नाई. वकील काय करते मंग? जज काय करते?"

मी त्यातलाच. माझं गाव सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यात. सहावीत शाळा सुटली, ट्रकवर क्लीनर म्हणून निघालो तो वर्ध्यात उतरलो आणि मिलमध्ये लागलो. चार वर्षांनी तापात आठ दिवस पडून राहिलो. परत गेलो तर मुकादम म्हणाला, तू कोण? आम्ही तुला ओळखत नाही. शेजारच्या एकानं अर्ज लिहून दिला, कामगार कोर्टाची तारीख लागली. मी सकाळी आठपासून व्हरांड्यात बसून होतो. दुपारी माझं नाव तीनदा पुकारलं. मी ते स्वच्छ ऐकलं. पण दारात काळे कोट उभे होते आणि माझे पाय काही उचलले नाहीत. केस गैरहजेरीत खारीज झाली.

नालवाडीत गेलो तेव्हा अण्णाजींनी मला विचारलं, "नाव आयकू आलं होतं?"

"आलं हुतं."

"मंग उठला काऊन नाई?"

"भ्या वाटलं ओ."

"कोनाचं? जजसायबाचं?"

"म्हाईत न्हाई."

"खरं बोलला," ते म्हणाले. "बस तिकडं टोकावर."

मला सहा रविवार लागले. सहाव्या रविवारी मी दारापर्यंत पोचून "हाजर" म्हणालो तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. घर सोडल्यापासून माझ्या पाठीवर कोणी हात ठेवला नव्हता. गिरणीत मला सगळे "सांगलीवाले" म्हणायचे. हा एकच माणूस मला महादेव शिवाप्पा कोळेकर म्हणायचा, माझ्या बापाच्या नावासकट. वकीलबाईंनी खारीज झालेली केस पुन्हा उभी केली. मी मात्र मनातल्या मनात त्या खोलीचा घरजावई होऊन बसलो. रविवारी सगळ्यांच्या आधी जायचो. झाडू मारायचो, माठ भरायचो, वहीत नावं लिहायचो. अक्षर वाईट होतं. "कोंबडी नाचली काय रे वहीवर?" अण्णाजी म्हणायचे, आणि मला ते कौतुकच वाटायचं.

मग त्रास सुरू झाला. ते माझ्याशी बोलतात तसंच दुसऱ्या प्रत्येकाशी बोलतात, हे माझ्या लक्षात आलं. ढाब्यावरच्या आचाऱ्याच्या पाठीवरही तोच हात. चौकीदारालाही बापाच्या नावासकट हाक. खोलीत भिंतीवर घड्याळ होतं. कोणाशी किती मिनिटं बोलले हे मी त्यावर बघायचो. माझ्या वाट्याला चार आणि एखाद्या नवीन माणसाला अकरा, असं झालं की माझा आठवडा खराब जायचा. कोणी कारंजाहून दोन बस बदलून यायचा, त्याला ते जवळ बसवायचे, तर मी मनात म्हणायचो, मी तर पार सांगलीकडून आलोय.

सगळ्यात जास्त जळलो ते गिरजाबाईवर. जिनिंगच्या मशीनवर तिची दोन बोटं गेली होती आणि मालकानं तिला कामावरून कमी केलं होतं. पहिल्याच रविवारी, पहिल्याच पुकाऱ्याला ती उठली, तरातरा दारापर्यंत गेली आणि असं "हाजर" म्हणाली की आतल्या खोलीतून वकीलबाई बघायला बाहेर आल्या. अण्णाजी हसले. खुर्चीवर बसून, पोट धरून हसले. "हे पाह्य लेका महादेव, हाजरी अशी राह्यते!"

मला सहा रविवार लागले होते, आणि तेव्हा ते हसले नव्हते.

त्यानंतर तिची जागा ठरली, अण्णाजींच्या उजव्या हाताला. बोरगाव मेघेत त्यांची भाजीची वाडी होती. डब्यात वांग्याची भाजी असायची. ती अर्धी तिला. मी मुद्दाम तिला पाणी शेवटी द्यायचो. वहीत तिचं नाव पानाच्या तळाशी बारीक लिहायचो. एकदा तिनं मला म्हटलं, "काऊन रे भाऊ, माह्यावर काऊन रागावला तू?" मी म्हणालो, "मी कशाला रागावू?" आणि माठाकडं तोंड केलं.

अण्णाजींचा एक नियम होता आणि त्यात कोणाला सूट नव्हती. ज्याची केस संपली त्यानं रविवारी यायचं नाही. "तुह्या जागेवर दुसरा बसन. तू घरी झोपजो, लेकराबाळाले घेऊन फिराले जाजो. इकडं येजो नोको." कोणी मिठाई घेऊन आलं तर डबा ठेवून घ्यायचे आणि त्याला दारातूनच वाटेला लावायचे. माझ्या केसमध्ये आता माझी साक्ष तेवढी राहिली होती. वकीलबाई म्हणाल्या होत्या, "साक्ष नीट झाली की काम परत मिळालंच समजा. पण जजसाहेबांनी बजावलंय, ही तारीख शेवटची." सगळे मला खुशीनं सांगत होते आणि मी मोजत होतो, माझे रविवार किती राहिले. गिरजाबाईची केस तर आत्ता कुठं लागली होती. तिला अजून दोन-तीन वर्षं मिळणार होती.

तारखेच्या दिवशी गिरजाबाईचीही तारीख होती. अण्णाजी आले. कोर्टात ते कधी कोणाच्या शेजारी बसत नसत. "इथं मी कोनाचा नाई," म्हणायचे आणि लांबच्या बाकावर एकटे बसायचे. त्या दिवशी ते सरळ गेले आणि गिरजाबाईला चिकटून बसले. तिच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलले. ती हसली. माझ्याकडं त्यांनी नुसती मान हलवली.

वकीलबाई शेजारच्या कोर्टात अडकल्या होत्या. पट्टेवाल्यानं माझं नाव पुकारलं. पाय माझे ठीक होते. भीती नव्हती. मी बाकावर बसून राहिलो. दुसऱ्यांदा पुकारलं. मी अण्णाजींकडं बघितलं. ते माझ्याकडंच बघत होते. तिसऱ्यांदा पुकारलं. मनात एकच होतं, परत खारीज झाली तर परत पहिल्यापासून. परत सहा रविवार. पट्टेवाला आत वळला.

तेव्हा अण्णाजी उठले आणि दोन पायऱ्या चढून दारासमोर उभे राहिले.

"महादेव शिवाप्पा कोळेकर, हाजर होऽऽ!"

अख्खा व्हरांडा वळून बघू लागला. असा आवाज नवीन लोकांनी ऐकलाच नव्हता. मी कधी उठलो, कधी आत गेलो, मला कळलं नाही. तोंडातून "हाजर" गेलं होतं. साहेबांनी मान वर केली. त्यांनी आधी मला विचारलं नाही. "बाहेर कोण ओरडलं?" असं विचारलं.

अण्णाजींना आत बोलावलं. जिथं ते तीस वर्षं ताठ उभे राहिले होते, तिथंच हात जोडून उभे राहिले. नवीन पट्टेवाला रागानं लाल झाला होता. साहेब म्हणाले, "तुम्ही रिटायर झालात ना? हा काय बाजार आहे?"

"चुकलं सायेब," अण्णाजी म्हणाले. "सवय हाय. म्हातारपनी तोंडातून निंघून गेलं."

कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. साहेबांनी बजावलं, काम नसताना पुन्हा या व्हरांड्यात दिसू नका. तीस वर्षांच्या नोकरीत ज्यांना एक मेमो मिळाला नव्हता, ते "जी सायेब" म्हणून पाठ न दाखवता मागं मागं बाहेर गेले. मी पिंजऱ्यात उभा होतो. शपथ घेतली. खरं सांगेन म्हणालो. पण विचारलं गेलं ते गिरणीबद्दल, आणि मी गिरणीबद्दलच सांगितलं.

दीड महिन्यात निकाल लागला, मला कामावर घेतलं. मी पेढे घेऊन नालवाडीत गेलो. अण्णाजींनी डबा खिडकीत ठेवला आणि मला दाराबाहेर आणलं.

"पह्यल्या खेपेले तुहे पाय उठले नाई," ते म्हणाले. "ह्या खेपेले तू उठला नाई. तीस साल दारात उभा होतो मी. दोनीतला फरक मले समजत नाई काय?"

मी खाली बघत होतो. मग तोंडातून गेलंच. "तुमी तिच्या शेजारी बसला हुता."

त्यांना आधी कळेना. कळलं तेव्हा त्यांनी दार ओढून घेतलं. मग हळू म्हणाले, "अरे येड्या, मशीनपाशी राहून राहून तिचे कान गेले हाय. खोलीत माह्यं तोंड पाहून उठली होती, पन व्हरांड्यात पुकारा आयकू येत नाई तिले, मी हात लावतो तवा उठते. मालकाच्या वकिलाले समजलं तर म्हनन, बहिरी हाय, कामाची नाई. म्हनून कोनाले सांगतलं नाई." आणि थोड्या वेळानं, "आता तिच्यापाशी कोन बसन, मी याच विचारात हाय."

मी म्हणालो, मी बसतो. ते म्हणाले, "तू मिलमध्ये जा. खाडा करू नोको. अन् इकडं येजो नोको." पाठीवर हात ठेवला, तेवढाच, जेवढा सगळ्यांच्या पाठीवर ठेवायचे, आणि आत गेले.

गिरजाबाईच्या शेजारी पुढं वकीलबाईंनी आपल्या धाकट्या बहिणीला बसवलं. गिरजाबाईचं काम झालं, असं ऐकलं. मी मिलमध्ये कायम झालो, इथंच लग्न केलं. दहा वर्षं झाली.

गेल्या महिन्यात कोर्टासमोरच्या टपरीवर चहा घेत होतो. एक तरुण वकील दुसऱ्याला गोष्ट सांगत होता. एक म्हातारा पट्टेवाला होता म्हणे, रिटायर झाला तरी सवय जाईना, एकदा भर कोर्टात येऊन कोणाचं तरी नाव पुकारलं आणि साहेबांनी हाकलून दिला. त्यानं आवाजाची नक्कलसुद्धा केली. टपरीवरचे सगळे हसले. माझ्याकडं बघून हसले म्हणून मीही हसलो.

त्या हसण्यानं मला झोप नाही. अण्णाजी बोरगाव मेघेत आहेत, पोराजवळ, दिसतं कमी. वकीलबाई अजून कोर्टात येतात. त्यांना घेऊन मी त्या टपरीवर जाणार आहे, भर दुपारी, सगळे काळे कोट असताना. ज्याचं नाव पुकारलं तो कोणीतरी मीच, आणि म्हातारा सवयीनं ओरडला नव्हता, हे मी त्या सगळ्यांना सांगणार आहे. आज माझ्यात तेवढं बळ नाही. पण सांगणार आहे, अण्णाजी, तुम्ही असेपर्यंत.