दादाचा शुक्रवारचा पेपर

दीड महिन्यापूर्वी, मंगळवारी दुपारी, मस्कतला कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात बसलो होतो, तेव्हा चारकोपहून वहिनींचा फोन आला. दादा गेला. अशा वेळी माणूस काय वाट्टेल ते बोलतो. मी म्हणालो, "अहो, असं कसं? शुक्रवारी तर त्यानं पेपर वाचून दाखवला!" जणू पेपर वाचणाऱ्याला आठवडाभर मरायची बंदी असते. वहिनी काहीच बोलल्या नाहीत. त्या गप्प राहण्याचा अर्थ मला दोन आठवड्यांनी कळला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका वर्कशॉपात जन्मभर मशिनच्या भागांची ड्रॉइंग्ज काढून निवृत्त झालेला. त्याच्या पेपरवाचनाचं मूळ मात्र मीच. मस्कतला आलो त्या पहिल्या वर्षी मी त्याच्याशी फोनवर बोलताना चक्क रडलो होतो, तेही माणसांसाठी नाही, पेपरसाठी. "दादा, इथे मोबाइलवर सगळ्या जगाच्या बातम्या येतात रे, पण आपल्या सेक्टरला पाणी कधी येणार, ते कुणी सांगत नाही." हे वाक्य मला स्वतःलाच इतकं आवडलं की पुढे चार जणांना ऐकवलं. दादानं ते मनावर घेतलं. मला शुक्रवारी सुट्टी. पुढच्याच शुक्रवारी मस्कतच्या सकाळी साडेसातला फोन. "ऐक. पान तीन. नाक्यावरचं झाड पडलं. चहावाला वाचला, टपरी गेली." आवाज असा, की जणू सगळा देश रेडिओला कान लावून बसलाय.

पहिली दोन वर्षं मी खरंच ऐकलं. तो अर्धा तास मी मस्कतमध्ये नसायचो. वर्सोव्याच्या होड्या अजून परत आल्या नाहीत, वाकोल्यात एकाच सोसायटीतल्या दोन गणपती मंडळांची जुंपलीय, हे ऐकताना माझा चहा निवून जायचा. मग... मग सवय झाली. फोन स्पीकरवर टाकून मी ओट्यापाशी कणीक मळू लागलो. पुढे पुढे तर अंघोळही उरकून यायचो. माझे तीन ठरलेले उद्गार होते: "अरे बापरे", "काय सांगतोस" आणि "झकास". ते आळीपाळीनं टाकायचे. ही युक्ती मी मित्रांना मोठ्या अभिमानानं शिकवायचो. एकदा ती अंगाशी आली.

"अरे, पूल खचलाय आणि झकास काय, झकास?"

"नाही रे, तू वाचलंस झकास."

दादा खो खो हसला. "नालायका, ऐकत जा ना जरा!" म्हणजे मी ऐकत नाही, हे त्याला ठाऊक होतं. तरी शुक्रवार त्यानं एकही चुकवला नाही.

यंदा उन्हाळ्यापासून त्याचा आवाज बसल्यासारखा वाटायचा. पानाऐवजी अर्धं पान, मग चारच बातम्या. "घसा धरलाय," म्हणाला. मी त्याला मिठाच्या गुळण्या सांगितल्या. हळद विसरू नको, असंही बजावलं. केवढा हा डॉक्टर!

चारकोपला तेरावा झाला, पाहुणे गेले, घरात वहिनी आणि मीच उरलो. माझ्या मनात राग होता, तो बाहेर पडला. "वहिनी, तो इतका आजारी होता, एका शब्दानं कळवायचं तरी! मी धावत आलो असतो."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "भावजी, तुम्हाला सांगितलं की त्यांनी. माझ्यासमोर, फोन स्पीकरवर ठेवून."

"कधी?"

"मे महिन्यात. शुक्रवारी, पेपर वाचताना."

पोटातल्या गाठीचं दादानं मला बातमी करून सांगितलं होतं. इतर बातम्यांच्या मधे, त्याच आवाजात. "मी म्हटलं, भावाशी सरळ बोला ना," वहिनी सांगत होत्या. "तर म्हणाले, सरळ बोलायला गेलो तर रडू येईल. वाचायचं म्हटलं की जमेल."

"मग मी... मी काय म्हणालो?"

"झकास म्हणालात. मग त्यांनी हवामान वाचलं."

त्या सकाळी मी काय करत होतो, मला आठवत नाही. बहुतेक तव्यावरचं घावन उलटत असेन. वहिनींनी त्याला परत सांगायची गळ घातली, तर म्हणाला, सांगितलंय एकदा, आता तू मधे पडू नकोस. चार महिने त्या घरात दोघंही धरून चालले होते, की मला कळलंय आणि मला यायचं नाही. आणि मी इकडून गुळण्या सांगत होतो.

मग वहिनी आत जाऊन एक पेपर घेऊन आल्या. शुक्रवारचे पेपर दादा रद्दीत घालू देत नसे. वाचायच्या बातम्यांवर त्याच्या पेन्सिलीच्या बरोबरच्या खुणा असायच्या. मे महिन्यातल्या त्या पेपरात, पान तीनच्या समासात, त्याच्या ड्रॉइंगमधल्यासारख्या रेखीव अक्षरांत लिहिलं होतं: "निवृत्त ड्राफ्ट्समनला कर्करोग. चारकोप, शुक्रवार : येथील एका रहिवाशाच्या पोटात गाठ आढळली असून डॉक्टरांनी चार-सहा महिन्यांची मुदत दिली आहे. स्वभाव पूर्वीइतकाच तिरसट असल्याचे त्यांच्या पत्नीने सांगितले." त्याखाली आणखी एक ओळ, खोडलेली, पण वाचता येते. "धाकट्या भावाने एकदा येऊन जावे."

ही ओळ त्यानं मला वाचून दाखवली, आणि माझं उत्तर ऐकून खोडली? की फोन लावायच्या आधीच...? वहिनींना किती वेळा विचारलं. त्यांना आठवत नाही. "माझं सगळं लक्ष तुम्ही काय म्हणताय तिकडे होतं, भावजी."

तो पेपर मी मस्कतला आणलाय. शुक्रवारी साडेसातला ओट्यावर पसरतो आणि पान तीन मोठ्यानं वाचतो. गॅस बंद, नळ बंद. कितीतरी महिन्यांच्या शिळ्या बातम्या, खुणा असतील तेवढ्याच. समासापाशी आलो की आवाज हळू होतो... ती खोडलेली ओळ वाचायची की नाही, हे दर शुक्रवारी नव्यानं ठरवावं लागतं. अजून एकदाही वाचलेली नाही.