फरशीखालची विहीर आणि आमची आक्का

बेळगाव-निपाणी पट्ट्यात घर विकणाऱ्या माणसाला दोनच गोष्टींची धास्ती असते: एक पाऊस आणि दुसरी माझी थोरली नणंद. पाऊस निदान मिरगापर्यंत वाट बघतो, आक्काला तेवढाही धीर नाही. ती दिवाणी कोर्टात वकिली करते, पण कोणाच्याही घरात पाऊल टाकलं की आधी भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करते आणि कान लावून ऐकते. निपाणीला भाच्यासाठी मुलगी बघायला गेलो होतो. सगळे मुलीकडे बघत होते, आक्का पोह्यांची बशी हातात धरून शोकेसमागं वाकली होती. "पोरगी लई गुणाची हाय," तिनं तिथूनच निकाल दिला, "पर ही भिंत ओली हाय." लग्न झालं, संसार सुखाचा आहे, आणि पहिल्याच आषाढात तो शोकेस गिलाव्यासकट खाली आला. तेव्हापासून भाच्याची सासुरवाडी तिला कुलदैवतानंतरचा मान देते. नव्या रंगाच्या वासाचं तर तिला वावडंच आहे. "चैतात रंगीवल्यालं घर आन लग्नात गप बसल्याली सासू, दोनी पारखून घ्यावं," असं ती माझ्या सासूबाईंसमोर म्हणते.

फसलेली माणसं तिच्याकडे रडत येतात. ती चहा देते आणि म्हणते, "रडायचं मागनं, आधी फोटू काढा. आन फोनवर भांडू नका, लिहून कळवा." मग कायदा सांगते, तोही भाजीवालीला समजेल असा. "जे डोळ्यानं दिसत हुतं आन तुमी बघितलं न्हाय, ते तुमचं कर्म. जे त्याला ठावं हुतं, तुमाला दिसणं शक्य न्हवतं आन त्यानं सांगितलं न्हाय, ती फसवणूक." त्यावर वाटा अनेक: नोटीस देऊन भरपाई मागायची, नाहीतर व्यवहारच रद्द करून मागायचा, बिल्डरनं दगा दिला तर ग्राहक आयोगाचं दार, ठरवून गंडवलं असेल तर पोलीस. शेवटी मात्र बजावते, "कोर्टात खरं चालत येतंय, पळत न्हाय. चपला मजबूत घाला."

अशी नणंद असताना आम्ही बेळगावजवळच्या मच्छे गावात घर घेतलं ते तिला न सांगता. ती आली की मालक पळून जाईल, अशी यांना भीती. मालक मोठा गोड माणूस, यांना 'अण्णा, अण्णा' म्हणायचा. श्रावणात स्वयंपाकघराची फरशी ओट्यासकट खचली. शेजारच्या काकू धावत आल्या, खड्ड्यात डोकावल्या आणि सहज म्हणाल्या, "व्हय की, हितंच विहीर हुती न्हवं? मुजवली तवा मालक सोता उभा हुता." आमची सगळी पुंजी त्या विहिरीवर उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी हे म्हणाले, "वरनं नवी फरशी घालू आन उन्हाळ्यात विकून टाकू."

बातमी कळून धावत आलेल्या आक्कानं ते शांतपणे ऐकलं. "ईक की रं. पर घेणारा माज्याकडं आला, तर मी त्याची वकील. तुज्या विरुद्ध उभी ऱ्हाईन." सख्ख्या भावाला असं म्हणताना तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. त्या क्षणी मला तिचा जो अभिमान वाटला, तो कधी उतरला नाही. मग नोटीस गेली. मालक आला आणि म्हणाला, "अण्णा, तुमी बघून घेटलासा की!" आक्का म्हणाली, "फरशीखालचं बघायचं डोळं कुठनं आणायचं, ते तेवढं सांगा." काकू साक्षीला तयार आहेत हे कळल्यावर त्याचा गोडवा आटला. तो तडजोडीला आला. तेव्हा आक्का यांना सोडून माझ्याकडे वळली. "घर तुज्याबी नावावर हाय गं. परत करायचं की भरपाई घेऊन ऱ्हायचं?" एवढ्या दिवसांत मला कोणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, राहायचं. भरपाईतून स्वयंपाकघर दुसऱ्या खोलीत हलवलं आणि तिथं आम्ही सुखानं राहिलो.

आता यांची बदली हुबळीला झाली आहे आणि तेच घर आम्हाला विकायचं आहे. गेल्या महिन्यात एक नवराबायको बघायला आली. घर त्यांना फार आवडलं. बाई तर पडदे कुठले लावायचे तेही ठरवू लागली. पैशाची आम्हाला निकड आहे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आक्का कोपऱ्यात बसली होती. तोंडातून चकार शब्द काढायचा नाही असं तिनं ठरवलं होतं आणि ते तिला किती जड जात होतं ते दिसत होतं. तेवढ्यात हे उठले आणि जुन्या स्वयंपाकघराकडे बोट दाखवून म्हणाले, "बसा जरा. त्या खोलीखाली मुजवल्याली जुनी विहीर हाय. आधी ते सांगतो, मग घर बघा."

ती दोघं चहा पिऊन, कळवतो म्हणून गेली. त्यांचा फोन काही आला नाही. त्या संध्याकाळी आक्का धाकट्या भावाकडे बघत, पदरानं डोळे पुसत मला म्हणाली, "आज आप्पा असायला पायजे हुतं गं." आप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, जाऊन बरीच वर्षं झाली. घर अजून विकलं गेलेलं नाही.