बरोबरच्या दोन रेघा

बरोबरच्या चिन्हावर, म्हणजे त्या दोन निरुपद्रवी आडव्या रेघांवर, आमच्या दाजींइतका राग या पृथ्वीवर दुसऱ्या कुणी धरला नसेल. लोक शेजाऱ्यावर रागावतात, सरकारवर रागावतात, जावयावर रागावतात. दाजींनी आयुष्यभराचा राग या दोन रेघांसाठी राखून ठेवला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. कॉलेजात गणित शिकवायचे, आता निवृत्त आहेत आणि निवृत्तीचा सगळा वेळ राजारामपुरीतल्या माझ्या प्रेसमध्ये घालवतात. आमच्यात बहिणीच्या नवऱ्यावर ओरडायची पद्धत नाही. तो आला की उठायचं, खुर्ची द्यायची, चहा मागवायचा आणि तो काय बोलेल ते ऐकून घ्यायचं. त्यामुळे दाजी घरी गेले की मी मशीनवर ओरडतो. माझं ऑफसेट मशीन गेली कित्येक वर्षं विनाकारण शिव्या खातंय.

त्यांच्या हाताखालून गेलेले विद्यार्थी आता टक्कल पडलेले बाप्ये झालेत, तरी दाजी समोरून येताना दिसले की रस्ता ओलांडून पलीकडे जातात. कारण दाजींच्या तपासणीत 'उत्तर बरोबर, मार्क शून्य' हा शेरा ठरलेला. एकदा एका विद्यार्थ्याचा बाप, मोठा दूधधंदा असलेला दणकट माणूस, पेपर घेऊन त्यांच्या घरी आला. "सर, उत्तर बरोबर हाय की. पुस्तकाच्या मागं बघा," तो म्हणाला. दाजी म्हणाले, "ते मला बी दिसतंय. तुमचं पोरगं तिथं पोचलं कसं, ते सांगा." "पोचलं न्हवं? मग झालं की." यावर दाजींनी त्याला बसवून घेतलं आणि पोचणं म्हणजे काय हे दुपारपासून दिवेलागणीपर्यंत समजावून सांगितलं. आक्कानं तीनदा चहा केला. जाताना त्या माणसानं पोराला कॉमर्सला घालतो असं कबूल केलं आणि दाजींना ते सुद्धा पटलं नाही.

'सगळे' या शब्दाशीही त्यांचं वाकडं होतं. माझ्या मुलीच्या लग्नात विहीणबाई मांडवात उभ्या राहून म्हणाल्या, "सगळे जेवले का?" साधा प्रश्न. त्याचं उत्तर 'हो हो' असं असतं. दाजी पुढं झाले आणि म्हणाले, "सगळे म्हंजे कोण, ते आधी ठरवा. मग सांगतो." विहीणबाईंना वाटलं आम्ही त्यांच्याकडची माणसं मोजायला काढली. आचाऱ्यानं वाढणं थांबवलं. वऱ्हाडात रुसण्याफुगण्याला सुरुवात झाली. माझ्या पोटच्या मुलीचं लग्न, आणि हा गृहस्थ पंगतीच्या तोंडावर व्याख्या मागत उभा. मशीन जवळ नव्हतं म्हणून मी मांडवामागच्या जनरेटरवर ओरडून आलो.

या सगळ्यात त्यांना पुरून उरणारा एकच माणूस होता. जयसिंगपूरचे सर. त्याच कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे, रोज रेल्वेनं यायचे, आणि स्टाफरूममध्ये दोघांचं कपाट एक होतं. दाजी त्यांना 'फिजिक्स' म्हणायचे, ते दाजींना 'गणित'. माझ्या आठवणीत दोघांनी एकमेकांना नावानं हाक मारलेली नाही. आपल्या भागातली पोरं विषय मराठीत समजून घेतात आणि परीक्षेला इंग्रजीत पाठ करून लिहितात याचा दोघांनाही सारखाच संताप होता, म्हणून दोघांनी मिळून पुंज यांत्रिकीवर, म्हणजे क्वांटम मेकॅनिक्सवर, मराठीत पुस्तक लिहायला घेतलं. छापायला अर्थातच मी. मेव्हण्याचा प्रेस असला की असंच होतं.

विषय मला जेवढा कळला तेवढा सांगतो. पानं लावून लावून कळलाय. एखादा सूक्ष्म कण इथून निघाला आणि तिथं पोचला, तर तो कुठल्या मार्गानं गेला असं विचारायचं नाही. जेवढे म्हणून मार्ग असू शकतील, सरळ, वाकडे, उलटे जाऊन परत येणारे, ते सगळे हिशेबात धरायचे. प्रत्येक मार्ग बेरजेत आपलं काहीतरी टाकतो, बरेच मार्ग एकमेकांना खोडून काढतात, आणि शेवटी जे उरतं त्यावरून तो कण तिथं सापडण्याची शक्यता कळते. चौथ्या प्रकरणात सरांनी हे एका ओळीत लिहिलं. डावीकडं उत्तर, उजवीकडं सगळ्या मार्गांची बेरीज, मधे बरोबरचं चिन्ह. बाकीची प्रकरणं लावून तयार होती. पुस्तक त्या ओळीवर अडकलं आणि वर्षानुवर्षं अडकून राहिलं.

दाजींचं म्हणणं असं की, अगणित मार्गांची बेरीज करायची तर त्यांना वजन द्यायला तराजू लागतो, आणि या बेरजेसाठी तसा तराजू असूच शकत नाही हे गणितात सिद्ध झालेलं आहे. काळाला उणे एकच्या वर्गमुळानं गुणून तो काल्पनिक करून घेतला की मात्र तराजू मिळतो आणि सगळं शिस्तीत चालतं. सर म्हणायचे, "मग जावा की त्या काल्पनिक काळात. बेरीज करा आन परत या. सगळं जग तसंच करतंय." दाजी म्हणायचे, "जायला गाडी हाय, मान्य. यायला हाय का? काही गावांसनं हाय, सगळीकडनं न्हाय. तुम्ही सगळीकडनं हाय म्हणून छापालाय." "उत्तर प्रयोगाशी जुळतंय ओ, गणित." "जुळू दे. मार्क शून्य."

हे भांडण माझ्या काउंटरवर चालायचं, आणि तेही टिपेच्या आवाजात. मलकापूरहून एक पार्टी लग्नपत्रिका ठरवायला आली होती. त्यातल्या म्हाताऱ्यानं बराच वेळ ऐकलं आणि मला हळूच विचारलं, "पावणं, भावकीतला वाद हाय काय?" मी वैतागून म्हणालो, "न्हाय, रस्त्याचा हाय." "मग सरकारी मोजणी आणा की." दाजींनी ते ऐकलं आणि टेबलावर हात आपटला. "ऐकलं का फिजिक्स? मोजणीच होत न्हाय, हेच मी इतकी वर्षं सांगालोय." दोघंही माझ्या गिऱ्हाइकाला आपापली बाजू पटवायला लागले. मलकापूरची पत्रिका दुसऱ्या प्रेसला गेली.

मुखपृष्ठाचंही तेच. आमच्या डिझाइनर ताईंनी काळ्या रंगावर गुलाबी-निळे मार्ग काढले, लाटांसारखे गुळगुळीत, बघायला सुरेख. दाजी भडकले. म्हणाले, काल्पनिक काळातले जवळजवळ सगळे मार्ग दातेरी असतात, कितीही मोठे करून बघितले तरी दातेरीच. गुळगुळीत मार्गांचं वजन शून्य, आणि जे शून्य आहे नेमकं तेच तुम्ही मुखपृष्ठावर टाकलंय. ताईंनी दातेरी केले. दाजींनी स्क्रीनवर मोठे करून बघितले, तिथं रेघ सरळ दिसली. पुन्हा केले. पुन्हा मोठे करून बघितले. शेवटी ताई म्हणाल्या, "सर, या कंप्युटरला एवढेच दात हाईत." आणि त्या दोन दिवस कामावर आल्या नाहीत. मुखपृष्ठ कोरं काळं ठेवायचं ठरलं. त्यावर मात्र दोघांचं एकमत झालं, हे सांगायला पाहिजे.

मग जयसिंगपूरचे सर येईनासे झाले. आधी पाठीचं दुखणं म्हणून सांगत होते. एका सकाळी आक्का एकटीच प्रेसमध्ये आली. ती कधी येत नाही. खुर्चीवर बसली नाही, उभ्यानंच म्हणाली, "त्यांच्या मंडळींचा फोन आलता. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलंय. पुस्तक त्यांच्या हातात पडाय पायजे बाबा. काय बी कर." दाजी आत कागदाच्या गठ्ठ्यावर बसून चौथं प्रकरणच वाचत होते. त्या बरोबरच्या जागी आणखी कुठलं चिन्ह बसेल याचा विचार चालला होता.

मी आयुष्यात पहिल्यांदा दाजींवर ओरडलो. मशीनवर नाही, दाजींवर. आक्का तिथंच उभी होती, तिनं मला थांबवलं नाही. "तिकडं माणूस चाललाय आन तुम्ही दोन रेघा धरून बसलाय," मी म्हणालो. "कुणाला पडलंय त्या तराजूचं? आयुष्यभर तुमच्या कपाटात ज्यानं डबा ठेवला, त्याच्यापरीस तुमचं गणित मोठं हाय काय?" आणखीही बरंच बोललो. एवढ्या वर्षांचं साठलेलं होतं. ज्या माणसानं विहीणबाईंना सोडलं नाही, तो माणूस माझ्यासमोर पायांकडं बघत बसला. मग म्हणाला, "छापा." मी विचारलं, कसं छापू. "त्यो म्हणतोय तसं. बरोबर टाका."

बाइंडिंगचा डिंक नीट वाळायच्या आत आम्ही चार प्रती घेऊन माझ्या गाडीतून जयसिंगपूरला गेलो. सर बाहेरच्या खोलीत कॉटवर होते, इतके वाळलेले की चष्मा तोंडाला मोठा दिसत होता. त्यांच्या मंडळींनी, वहिनींनी, त्यांना उशीला टेकवून बसवलं. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, काळ्या मुखपृष्ठावरून हात फिरवला, कागदाचा वास घेतला, आणि थेट चौथं प्रकरण उघडलं. त्या ओळीवर बोट ठेवलं. मी मनात म्हणालो, झालं एकदाचं, आता माणूस हसेल.

ते हसले नाहीत. कपाळाची शीर फुगली. "हे काय केलंय, गणित?"

"तुमचं मान्य केलं," दाजी म्हणाले.

"सिद्धता मिळाली?"

"न्हाय."

"मग मान्य कसं केलं?"

दाजी खिडकीतून बाहेर बघायला लागले. सरांनी चष्मा सारखा करून त्यांच्याकडं बघितलं. "एवढी वाईट गत झालीय व्हय माझी?" ते म्हणाले. "डॉक्टर सांगंना, ही सांगंना, पोरं फोनवर हसून बोलत्यात. तुमच्या ह्या दोन रेघांनी सांगितलं बघा." मग त्यांचा आवाज चढला. त्या देहात एवढा आवाज कुठं होता कोण जाणे. "सारी माणसं माझ्याशी गोड बोलाय लागल्यात. एक तुम्ही तेवढं खरं बोलत होता, ते बी बंद केलं? दया करालाय माझ्यावर? तुमचं शून्य परवडलं ओ मला, हे मार्क नगोत." त्यांना खोकला आला. वहिनी पाणी घेऊन धावल्या, त्यांना हातानं थोपवून सर म्हणाले, "आधी पेन्सिल आण."

वहिनींनी पेन्सिल आणली. सरांनी ती दाजींच्या हातात दिली आणि पुस्तक त्यांच्यापुढं धरलं. दाजींनी बरोबरच्या डोक्यावर एक बारीकसं प्रश्नचिन्ह काढलं. पुस्तक अधांतरीच धरलेलं होतं, त्यामुळे ते दातेरी आलं. सरांनी पान लांब धरून बघितलं. "आता बरं दिसतंय," ते म्हणाले. "बसा. आता भांडा." आणि दोघं भांडले. सरांचा आवाज मधेच बसायचा, तेव्हा दाजी थांबून त्यांना दम घेऊ द्यायचे आणि मग पुन्हा ओरडायचे. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. कित्येक दिवसांत घरात असा आवाज झाला नव्हता, असं त्या मला निघताना म्हणाल्या. मला त्या दोघांचाही राग आला होता, आणि रडूही आलं होतं. गाडी काढताना मी उगीच हॉर्न वाजवत बसलो.

सर पुढं फार दिवस राहिले नाहीत.

आता दाजी रोज प्रेसमध्ये येतात, कागदाच्या गठ्ठ्यावर बसतात, एकेक प्रत उघडतात आणि चौथ्या प्रकरणात त्या ओळीवर पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढतात. विक्रेत्याची माणसं पुस्तकं न्यायला दोनदा येऊन गेली. प्रती तयार नाहीत. मी म्हणालो, दाजी, ते पान मी प्रश्नचिन्हासकट पुन्हा छापून देतो. नको म्हणाले. निदान पेनानं तरी करा, पेन्सिल पुसली जाते, असं मी म्हणालो. तर माझ्यावरच खेकसले. "पुसली जाते म्हणूनच पेन्सिल. तराजू न्हाय मिळायचा, पण उद्या कुणीतरी दुसरी रीत काढंल. फिजिक्स बरोबर निघाला तर खोडाय नको? त्याच्या पानावर शाईचा डाग कशाला?"

परवा ते सकाळपासून कुणावर चिडले नव्हते, चहा गार झाला म्हणूनसुद्धा नाही. मला ते बघवेना. मी मुद्दाम त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि आवाज चढवून म्हणालो, "पण दाजी, उत्तर प्रयोगाशी जुळतंय की ओ." त्यांनी पेन्सिल थांबवली. चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. क्षणभर मला वाटलं, आता भडकणार, आणि मी मनातून तयार झालो.

"न्हाय, पावणं," ते म्हणाले. "तुम्हाला त्याच्यासारखं चुकता येत न्हाय." आणि त्यांनी पुढची प्रत ओढली.