हेर्त्सोगेनआउराखमधल्या जर्मनच्या बाई

मुक्ता सबनीस आमच्या वरच्या मजल्यावर राहते. दक्षिण जर्मनीतल्या या हेर्त्सोगेनआउराखमध्ये मराठी घरं बरीच आहेत आणि त्यातली बहुतेक कुणाच्या तरी कंपनीमुळे इथे आलेली. मुक्ताही तशीच आली, २०१२ साली, नवऱ्याच्या, म्हणजे शिरीषच्या नोकरीमुळे. फरक एवढाच, की आम्ही इथे येऊन जर्मन शिकलो आणि ती शिकून आली. पुण्यात सहा वर्षं जर्मन, मग चाकणच्या एका कारखान्यात मशीनच्या माहितीपुस्तकांचं भाषांतर.

पहिल्याच सकाळी ती बेकरीत गेली आणि अगदी शुद्ध जर्मनमध्ये चार ब्र्योटशेन, म्हणजे छोटे पाव, मागितले. काउंटरमागच्या बाईंनी काहीतरी विचारलं. मुक्ताला एक शब्द कळला नाही. तिसऱ्यांदा विचारून झाल्यावर बाईंनी नुसतं पावांकडे बोट दाखवलं.

"मी सहा वर्षं जे शिकले ते नक्की कुठल्या देशात बोलतात, असं झालं मला," ती सांगते.

इकडची फ्रांकिश बोली निम्मे शब्द गिळते, प आणि ब एकसारखेच म्हणते आणि त्या छोट्या पावांना वेग्ला म्हणते. पुढची दोन-तीन वर्षं मुक्ताने बसस्टॉपवर, दुकानात, मुलाच्या, वेदांगच्या, किंडरगार्टनच्या दारात फक्त कान उघडे ठेवले. मग तिने शिक्षकांचा कोर्स केला, आणि २०१७ पासून ती गावातल्या एका भाषासंस्थेत संध्याकाळी जर्मन शिकवते. तिच्या वर्गात येतात ती युरोपातलीच पोरं. स्पेनची, ग्रीसची, क्रोएशियाची, रोमेनियाची. घरी डिग्री आहे पण धड नोकरी नाही, म्हणून एक बॅग घेऊन इकडे आलेली.

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आंद्रेस तिच्या वर्गात आला. वय सव्वीस, दक्षिण स्पेनमधल्या हाएन शहराजवळचा. तिकडे त्याचं नर्सिंगचं शिक्षण पूर्ण झालं होतं, पण हॉस्पिटलं त्याला तीन-तीन महिन्यांवर ठेवायची आणि काढायची. इथे एका वृद्धाश्रमात तो मदतनीस म्हणून लागला होता. जर्मनची बी-टू, म्हणजे चौथ्या पातळीची परीक्षा पास झाला, की त्याला नर्स म्हणून नेमणार होते.

पहिल्या तासानंतर तो थेट ऑफिसात गेला. दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या बाईंनी अवघडत मुक्ताला सांगितलं, की तो वर्ग बदलून मागतोय. जर्मन शिकायला जर्मनीत आलो आणि शिकवायला भारतीय बाई, हे त्याला पटत नव्हतं. दुसऱ्या वर्गात जागा नव्हती, म्हणून त्याला थांबावं लागलं.

घरी शिरीष चिडला. "तू सरळ सांगून टाक, त्याला शिकवणार नाही म्हणून."

"अरे, मलाही पुण्यात जर्मन बाईच हव्या होत्या," मुक्ता म्हणाली. "त्याचं काय चुकलं?"

तरी तिला लागलं होतं. त्या रात्री भाजीत दोनदा मीठ पडलं, हे मला वेदांगकडून कळलं.

पुढच्या तासाला तिने तो विषय वर्गासमोर स्वतःच काढला. आंद्रेसचं नाव घेतलं नाही. वर्गात ती सगळ्यांना 'झी' म्हणजे अहो-जाहोच करते. ती म्हणाली, "तुम्हाला जर्मन शिक्षक का हवेत ते मला कळतं. पण टेबल पुल्लिंगी का, हे त्यांना सांगता येणार नाही. ते तसंच बोलत मोठे झालेत. मी एकेक शब्द पाठ केलाय. कुठे पाय घसरतो ते मला माहीत आहे, कारण माझा घसरलाय."

आंद्रेस खाली बघत राहिला. पण यायचा तो नियमित. मागच्या बाकावर बसायचा, विचारलं तर तेवढंच बोलायचा.

जानेवारीत एका सोमवारी तो तासाच्या अर्धा तास आधीच आला आणि संस्थेकडून घेतलेलं पुस्तक त्याने टेबलावर ठेवलं.

"फ्राऊ सबनीस, हे परत द्यायला आलोय. मी हाएनला जातोय."

मुक्ताने त्याला बसवलं. हळूहळू सगळं बाहेर आलं. डिसेंबरात एका सहकारी बाईने त्याला जाता जाता सांगितलं होतं, उद्याची ड्यूटी बदलली आहे, 'फिअर्टेल झीबेन'ला, शब्दशः 'पाव सात'ला, ये. तो सव्वासातला पोचला, तर सगळे त्याच्यावर वैतागलेले. तो तासभर उशिरा आला होता. त्याने माफी मागितली, पण चुकलं काय ते कळलं नाही, आणि विचारायची लाज वाटली. आता गेल्या शुक्रवारी पुन्हा तेच. पेशंटला उचलायच्या नव्या यंत्राचं प्रशिक्षण होतं, आणि तो पोचला तेव्हा ते संपत आलं होतं. सुपरवायझर बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, की ज्याच्यावर विसंबता येत नाही असा माणूस आम्हाला नको. प्रोबेशन फेब्रुवारीअखेर संपणार होतं, आणि त्यानंतर आपल्याला ठेवणार नाहीत अशी त्याची खात्री झाली होती.

"मी आयुष्यात कधी उशिरा गेलो नाही," आंद्रेस म्हणाला. "माझी आजी साडेपाचला उठवायची, ऑलिव्ह काढायला."

मुक्ताला हसू आलं. आंद्रेसला राग आला असावा, कारण तो उठायला लागला.

"थांबा. मी तुम्हाला हसत नाहीये. वेदांगच्या किंडरगार्टनमध्ये पालकसभा होती, 'फिअर्टेल आख्ट'ला. मी सव्वाआठला पोचले, तेव्हा बाई खुर्च्या एकावर एक रचत होत्या."

तिने फळ्यावर घड्याळ काढलं. पुस्तकात सव्वासहाला 'फिअर्टेल नाख झेक्स' म्हणजे सहानंतर पाव, असं असतं. पण इकडची माणसं येणारा तास धरून बोलतात. सातव्या तासाचा पाव भाग झाला, की फिअर्टेल झीबेन. म्हणजे सव्वासहा. सातव्याचे तीन पाव भाग झाले, की पावणेसात. "आमच्या भाषेत पावणेसात असंच येणारा तास धरून म्हणतात," ती म्हणाली, "तरी मी फसले."

आंद्रेसने त्या घड्याळावर बोटाने सव्वासहा मोजून पाहिले. मग म्हणाला, "तुम्ही आमच्या सुपरवायझर बाईंना फोन कराल?"

"नाही. तुम्ही सांगायचं."

"मला नाही जमणार."

"गेनाऊ, बरोबर. म्हणूनच आधी इथे सांगा. मी सुपरवायझर."

त्या दिवशी वर्ग वीस मिनिटं उशिरा सुरू झाला. बाकीची पोरं आली तीही त्यात सामील झाली. क्रोएशियाच्या मुलीने सुपरवायझरची भूमिका इतकी कडक केली, की आंद्रेस दोनदा अडखळला. तिसऱ्यांदा त्याने सगळं न थांबता सांगितलं.

बुधवारी तो आला तो सरळ पहिल्या बाकावर बसला. त्याने सगळं सांगितलं, तर सुपरवायझर बाई मूळच्या उत्तरेकडच्या हांबुर्गच्या निघाल्या, तिकडे वेळ पुस्तकातल्यासारखीच सांगतात. इथे आल्यावर पहिल्या वर्षी त्यांचीही याच घड्याळाने फजिती झाली होती. त्यांनी त्याला कॉफी दिली आणि ड्यूटी बदलली तर ती कागदावर आकड्यांतच लिहून द्यायची, असं सगळ्यांना सांगून टाकलं. आंद्रेसने परत केलेलं पुस्तक मुक्ताने सोमवारीच वर्गातल्या त्याच्या खणात ठेवलं होतं.

जुलैमध्ये तो बी-टू पास झाला. लेखीत जेमतेम, तोंडीत उत्तम. वर्षअखेरीस नर्स म्हणून कायम झाला. आता त्याच्या हाताखाली कोलंबियाची एक मुलगी शिकते आहे, आणि तिलाही त्याने मुक्ताच्याच वर्गात पाठवलंय.

मागच्या मे महिन्यात त्याची आई हाएनहून आली. आंद्रेस तिला घेऊन मुक्ताकडे जेवायला आला, म्हणून तिने मलाही वर बोलावलं. आईने पाच लिटरचा ऑलिव्ह तेलाचा डबा आणला होता. मुक्ताने त्याच तेलात थालीपिठं लावली. माउलीला जर्मन येत नव्हतं आणि आम्हाला स्पॅनिश. सगळं बोलणं आंद्रेसमार्फत. मुक्ता मराठीत वेदांगला म्हणाली, "काकूंना दही वाढ रे," आणि तो "ममा, हाब इश शोन" म्हणाला, म्हणजे मी केव्हाच वाढलंय. आई आंद्रेसला बराच वेळ काही सांगत होती. तो ऐकता ऐकता लाल झाला.

"काय म्हणतायत?" मुक्ताने विचारलं.

"आल्झो, तर, ती म्हणतेय, की माझा मुलगा फोनवर सांगायचा, इथे माझं कुणी नाही. मग एका सोमवारपासून तो तुमच्याबद्दल सांगायला लागला."

मुक्ताने तव्यावरचं थालीपीठ उलटलं आणि माउलीच्या पानात वाढलं. त्या दोघी मग स्वयंपाकघरात उभ्या राहून भाजणीच्या डब्यातल्या पिठाचा वास घेत, हातवारे करत बोलत राहिल्या. आंद्रेस बाल्कनीत शिरीषशी फुटबॉलवर वाद घालत होता आणि भाषांतरासाठी त्याला कुणी आत बोलावलं नाही.